व्याह्याची मोठी चिलीम

परतूरच्या धर्मराजची चिलीम चांगली वीतभर होती. आपल्या लेकीची सोयरीक धर्मराजच्या पोराशी ठरवायला आलेल्या पुंजारामाच्या हाती ती पाच जणांनी ओढल्यावर आली. चिलमीच्या तोंडाला गुंडाळलेलं छापीचं फडकं थुंकीनं ओलंचिंब, पिवळं पडलेलं. पुंजारामानं ती नुसती हातातच धरली. त्याच्या खिशात बोटभर चिलीम होती. ती त्यानं सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती.

"ओढा की, पाव्हणं. का आमची चालत न्हाई?" धर्मराज म्हणाला.

लेकीसाठी म्हणून पुंजारामानं छापी ओठाला लावली. आंबूस वास नाकात शिरला आणि तो अंगणात जाऊन भडभडा ओकला.

परत येऊन तो म्हणाला, "सोयरीक मंजूर हाये, पर ही चिलीम बिलकुल ओढणार न्हाई."

धर्मराजनं तोंड फिरवलं. त्याची बायको तुळजाबाई मात्र आतून म्हणाली, "मला बी त्या चिलमीची किळसच येती. लग्नाची तारीख काढा."