पेडलवरची वीट

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये कोणी तोंड घालू नका! मी एक जुना वाकड्या आहे. भिंतीतून विजेच्या तारा नेणारा लोखंडी पाईप असतो ना, तो वाकवणारं मशीन मी. पाईप माझ्या आकड्यात अडकवायचा, पेन्सिलीची खूण आकड्याशी जुळवायची आणि पायाने पेडल दाबायचं. की माझं खाचेचं चाक घुर्रर्र फिरतं आणि पाईप लोण्यासारखा वळतो. पाय उचलला की मी थांबतो. बस, एवढंच माझं काम!

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा एक फिटर मला चालवायचा. तो वारला आणि त्याची बायको माझ्यापाशी आली. तिचा दीर तिथेच मुकादम, म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणायचे. काय हात होता तिचा! पेडल सोडलं की पाईप जरासा मागे येतो, म्हणून ती माझ्या कोनाच्या तबकडीवरचा काटा किंचित पुढे नेऊनच थांबायची. संध्याकाळी माझ्या चाकातला कीस ब्रशने काढायची. ठेकेदार म्हणायचा, "वहिनींचा पाईप भिंतीला कसा चिकटून बसतो बघा!"

दिराला ते झोंबलं. माझ्यावर त्याचा कधीचा डोळा. एकदा वहिनी जेवायला गेली, तर त्याने तिच्या पाईपांवरच्या खुणा अंगठ्याने पुसल्या आणि वीतभर पुढे नव्या मारल्या. मी बघतोय, पण मला तोंड कुठंय! ती आली, भराभर सगळी चळत वाकवून मोकळी. एकही पाईप भिंतीतल्या स्विचच्या डब्याला पोचेना. आणि वाकलेला पाईप सरळ करायला गेलं की चेपतो, मग तो भंगारातच.

"ही खूण माझी नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी एवढी जाड ओढतच नाही."

"मग काय वाकड्याने ओढली?" सगळे खो खो हसले. "दादाच्या नावावर निभावलं तुमचं आजवर. आता पाईप उचला, तेवढं तरी जमेल!"

झालं! वहिनी ओझी वाहायला लागली आणि दीर माझा मालक झाला. मालक कसला! कीस तसाच. पाय दुखतो म्हणून पेडलवर वीट ठेवायचा, खुशाल मोबाईलवर बोलायचा आणि पाईप वळला की लाथेने वीट उडवायचा.

एक दिवस त्याचा हातमोजा पाईप आणि चाकाच्या मध्ये ओढला गेला. त्याने लाथ मारली, तर वीट आणखीच घट्ट बसली.

"वहिनी! प्लग काढा! प्लग!"

प्लग तिच्या हाताशीच. खांद्यावर पाईपांचा भारा. तिने तो धाडकन टाकला नाही रे! खाली बसली आणि एकेक पाईप जमिनीवर नीट ठेवायला लागली.

"वहिनी, पाया पडतो!"

मी फिरतच होतो. पाईप कुठला आणि बोट कुठलं, मला कळत नाही. तिने शेवटचा पाईप ठेवला, हात झटकले, मग प्लग काढला.

माणसं धावत आली. "हातात पाईप होते," एवढंच ती म्हणाली. पुढे कोणी विचारलं नाही. वाकड्यानेच बोटं खाल्ली म्हणून मला गोदामात फेकलं, तिथे गंजतोय. मित्रांनो, माझ्या पेडलवर कधी वीट ठेवू नका रे. मला आपणहून थांबता येत नाही.

तिला मात्र थांबवता येत होतं. खरं सांगा, तिच्या जागी तुम्ही असता, तर भारा टाकला असता?