हरकत नसल्याचे सात दाखले

माझ्या ताईला त्वचारोगतज्ज्ञ व्हायचं होतं आणि तिच्या मेडिकल कॉलेजात त्वचेचा विभागच नव्हता. गोष्ट एवढीच आहे, पण मी ती सविस्तर सांगणार. एकतर तिच्यात माझाही हात आहे, आणि दुसरं म्हणजे शाळेच्या असेंब्लीत माइकवर चार मिनिटं न अडखळता बोलल्यापासून मला थोडक्यात काही सांगताच येत नाही.

साल शहाण्णव. रश्मीताई भारतातून एमबीबीएस करून बहारीनला आमच्याकडे आली होती. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्किनच्या रेसिडेन्सीच्या दोन जागा निघाल्या, आणि अर्ज साठ. जागा मिळाली नाही तर ताईने परत जाऊन जे मिळेल ते करायचं, असं घरात ठरलं होतं. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : आपल्या कॉलेजच्या त्वचारोग विभागप्रमुखांचं पत्र जोडावं.

"विभागच नाही तर प्रमुख कुठून आणू?" ताई म्हणाली. तिच्या कॉलेजात दर गुरुवारी बाहेरचे एक डॉक्टर दोन तास यायचे. तेही आता परदेशी गेले होते, आणि पत्ता कोणाकडेच नव्हता.

ताईला स्किनच का हवं, हे आमच्या पप्पांचे हात बघितले की कळतं. पप्पा सित्र्याला कारखान्यात फिटर आहेत. डिझेलने हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांना उभ्या भेगा पडल्या होत्या. ताईने आल्या आल्या डिझेल बंद केलं आणि रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायला लावले. दोन महिन्यांत पप्पा हाताने भाकरी मोडायला लागले. झालं, ही बातमी सगळीकडे पसरली. दर शुक्रवारी हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर बुद्धवंदना असते. वंदना झाली की चहा, आणि चहा झाला की हात दाखवायला रांग. मआमीरचे वेल्डर, हमद टाउनचे गवंडी, लाँड्रीवाले. ताईकडे इथलं लायसन्स नव्हतं म्हणून ती औषध द्यायची नाही. नीट बघायची, कामाची चौकशी करायची, काय टाळायचं ते सांगायची आणि गरज असेल त्याला चिठ्ठी देऊन हेल्थ सेंटरला पाठवायची.

वही मी ठेवायचे. नाव, काम, हाताचं चित्र, ताई काय म्हणाली ते. सगळं इंग्रजीत, कारण माझं मराठी अक्षर मलाच वाचता येत नाही.

फॉर्मचं दुखणं उस्मानचाचांच्या कानावर गेलं. चाचा पप्पांच्या महाडकडचे. हूऱ्यात त्यांचं टायपिंगचं दुकान आहे, व्हिसाचे नि कंपन्यांचे कागद टाइप करतात.

"पत्रच हवंय ना गो?" चाचा म्हणाले. "मग एक कशाला, सात देतो. शिक्क्यासकट."

"चाचा, प्रोफेसरचं लागतं."

"प्रोफेसरकडे शिक्का असतो काय?"

ताईने कपाळाला हात लावला. पण आठवड्याभरात चाचांनी गॅरेज, टेलर, कोल्ड स्टोअर (इथे किराणा दुकानाला हेच म्हणतात) असं फिरून सात पत्रं आणली. चाचांना आयुष्यभर एकाच प्रकारचं पत्र टाइप करायची सवय, त्यामुळे सातही एकाच साच्यातली : 'डॉ. रश्मी यांनी आमच्या कामगाराच्या हाताची खाज बरी केली, यास आमच्या कंपनीची काहीही हरकत नाही.' खाली सही आणि निळा गोल शिक्का.

ताई हसून हसून रडली. मग नुसतीच रडली. "हे लावलं तर मला दारातूनच हाकलतील," म्हणाली आणि पत्रं कपाटावर टाकली.

अर्ज हॉस्पिटलात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी पाकिटात सात पत्रं घातली आणि वहीसुद्धा.

ताईला सांगितलं ते थेट मुलाखतीला जाताना, बसमध्ये. तिने बोटांवर वहीतली पानं मोजली. मग म्हणाली, "श्रावू, त्यात ताहिरभाईंचं पान आहे."

ते माझ्या लक्षातच नव्हतं. ताहिरभाई फरशीचं काम करतात. ताईने आधी त्यांना बुरशी सांगितली होती, आणि त्यांचे हात आणखी बिघडले. पुढच्या शुक्रवारी ताईने पुन्हा बघितलं. भेगा नेमक्या तिथेच, जिथे मोज्यात ओलं सिमेंट शिरत होतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भाई, माझं चुकलं. हे सिमेंटमुळे आहे." आणि मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं : ताई चुकली.

ताई आत गेली. मी बाहेर बाकावर नखं खात बसले. माइकवाली हिंमत कुठल्या कुठे गेली. वीस मिनिटांनी दार उघडलं आणि सेक्रेटरीने विचारलं, "श्रावस्ती कोण?"

आत तीन डॉक्टर होते. मधल्या होत्या विभागप्रमुख डॉक्टर जुबैदा, इथल्याच, काळ्या अबायावर पांढरा कोट. टेबलावर सात पत्रं मांडलेली. त्यांच्या शेजारचे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"गॅरेजची हरकत नाही, टेलरची हरकत नाही," डॉक्टर जुबैदा इंग्रजीत म्हणाल्या. "आता माझ्यावर फार दबाव आलाय." मग त्यांनी वही उघडून लाल पान माझ्यापुढे धरलं. "हे तू लिहिलंस? बहिणीची चूक का लिहिलीस?"

"ताहिरभाई परत येणार होते," मी म्हणाले. आवाज सापडला एकदाचा. "आधी काय सांगितलं होतं ते लिहून ठेवलं नाही, तर नंतर बदलायचं काय?"

त्यांनी वही मिटली आणि ताईकडे वळल्या. "साठ अर्जांमध्ये विभागाचं पत्र नसलेला एकटा तुझा. तुझं काम बघितलंय तरी कोणी?"

ताई उभीच राहिली. "पेशंटनी बघितलंय, मॅडम. विभाग नाही माझ्याकडे. शुक्रवार आहे."

"बाकीच्या एकोणसाठ पत्रांत कोणीच कधी चुकलेलं नाही," डॉक्टर जुबैदा म्हणाल्या. "मला काळजी वाटते त्यांची." आणि मग माझ्याकडे बघून चक्क हिंदीत, "वही ठेवून घेते. चालेल ना?"

"हमारी कोई हरकत नहीं," मी म्हणाले. खिडकीकडचे डॉक्टर खोकत बाहेर गेले.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर यादी लागली. दोन नावं, त्यातलं दुसरं ताईचं. मी तिथेच ओरडले, वॉचमन धावत आला, आणि मी त्यालाही सांगितलं.

उस्मानचाचांनी अख्ख्या हूऱ्यात पेढे वाटले. "बघितलंस? शिक्क्याचं काम," ते ज्याला त्याला सांगत होते. आम्ही कोणी त्यांचं म्हणणं खोडलं नाही.

शुक्रवारी वंदना झाली, चहा झाला, रांग लागली. मी कोल्ड स्टोअरमधून नवी वही आणली होती. पप्पा सगळ्यांच्या पुढे घुसले. "पहिला नंबर माझा," म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. हातांना काहीच झालेलं नव्हतं.

ताईने ते उलटसुलट करून नीट बघितले. "लिही," ती मला म्हणाली.

मी लिहिलं : रामजी, फिटर, तक्रार काही नाही.