आंघोळीची वर्दी

सरांनी उभा जन्म गार पाण्यात काढला होता. पोरांना पोहायला शिकवायचं हीच त्यांची नोकरी. गरम पाण्याने आंघोळ करणाऱ्याची तब्येत बरी नसणार, असं ते धरून चालत. अशा माणसाच्या छपरावर त्यांच्या मुलाने सौर बंब बसवला.

मुलगा राहायचा दूरच्या शहरात. आई गेल्यापासून, घर विका आणि आमच्याकडे चला, म्हणून तो हात धुऊन सरांच्या मागे लागला होता. सरांना पोराच्या घरात पाहुणा होऊन मरायचं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. बंबाच्या नळीला एक डबी लावली. सकाळी गरम पाणी वाहिलं की डबी मुलाच्या फोनवर वर्दी देणार: आंघोळ झाली. ढगाळ दिवशी टाकीतली विजेची कॉइल आपली आपण सुरू होणार. ज्या दिवशी वर्दी येणार नाही, त्या दिवशी मुलगा येऊन सरांना सामानासकट नेणार. सरांनी मान डोलावली. गरम पाण्याला हात लावायचा मात्र त्यांचा मुळीच विचार नव्हता.

पाणी नुसतं सोडून द्यायला जीव होईना. मग त्यांनी मागच्या अंगणात गरम पाण्याचा एक नळ काढून घेतला आणि शेजारच्या शिवणवाल्या काकूंना सांगितलं, रोज सकाळी बादल्या भरून नेत जा. काकूंनी कारण विचारलं नाही. फुकटच्या गरम पाण्याचं कारण विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. काकू पाण्याला आल्या की तिकडे फोनवर सर न्हाऊन निघत. मुलगा इतका निर्धास्त झाला, की त्याचं फोन करणंही कमी झालं. सगळं कळतंच की, म्हणायचा.

एका सकाळी न्हाणीघरात सर तांब्या उचलायला वाकले आणि साबणावरून घसरले. पाय असा मुडपला, की उठायची सोय राहिली नाही. दाराला आतून कडी, फोन बाहेर टेबलावर. तेवढ्यात भिंतीपलीकडे नळ सुटला. काकू आल्या होत्या. एका हाकेचं काम होतं. सरांनी तोंड उघडलंही. मग पुढचं सगळं त्यांना दिसलं: काकू मुलाला कळवणार, मुलगा येणार, बॅग भरणार. त्यांनी तोंड मिटलं. बादल्या भरल्या, नळ बंद झाला, चपला लांब गेल्या. मुलाच्या फोनवर आता आपली आंघोळ झाली असेल, हे सरांच्या लक्षात आलं.

दुपारपर्यंत ओल्या फरशीवर त्यांचे दात वाजायला लागले. गारठ्याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली, आणि त्याची लाजही वाटली. हाताला लागत होता फक्त गरम पाण्याचा नळ. तो त्यांनी पिरगळला आणि उघडाच ठेवला. ऊन पाणी पाठीखालून वाहू लागलं. बरं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

टाकी रिकामी होत आली तशी डबीने मुलाच्या फोनवर बोंब ठोकली. मुलाने आधी वडिलांना फोन लावला, मग काकूंना. काकूंनी सुताराला आणून दारं उघडवली.

संध्याकाळी मुलगा पोचला, तेव्हा सर प्लास्टर घालून पलंगावर होते. काकू काळजीने सांगत होत्या, की सकाळीच तर मी रोजच्यासारख्या बादल्या भरून नेल्या, तेव्हा काहीच आवाज नव्हता. सर छताकडे बघू लागले.

"म्हणजे इतके दिवस मी काकूंच्या आंघोळीवर निर्धास्त होतो," मुलगा म्हणाला.

काकूंना घरी काम आठवलं.

त्या गेल्यावर मुलाने खुर्ची पुढे ओढली. "त्या भिंतीपलीकडेच होत्या, बाबा. हाक का नाही मारलीत?"

"तू नेलं असतंस."

सरांनी मुलाकडे पाहिलं. पहिल्यांदा गटांगळी खाल्लेली पोरं अशीच दिसायची. सरांना वाईट वाटलं. बऱ्याच वेळाने त्याने फोन काढला आणि त्यावर काहीतरी खटपट केली.

"वर्दी बंद केली," तो म्हणाला. "यापुढे मीच फोन करीन. आणि पडलात तर हाक मारायची."

"मग तू येणार."

"येणार. पण न्यायला नाही."

सरांनी प्लास्टरवर हात ठेवला. मग म्हणाले, पाय फार दुखतोय रे. सकाळपासून हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.