माझा खरबरीत काठ

मी वाडगा आहे. पिवळा, प्लास्टिकचा. सहाच्या संचातला मी एकटा उरलो, बाकीचे फुटले. एकदा आईने मला चुकून शेगडीला चिकटून ठेवलं आणि माझा काठ एका जागी वितळून खरबरीत झाला. "गेला कामातून," ती म्हणाली.

पण धाकट्याने मला उचललं. तो सात वर्षांचा, स्वमग्न. बोलत नाही. सदऱ्याची शिवण लागली तरी कळवळतो. खातो फक्त कुस्करलेला बटाटा, कोमट, बिनमिठाचा, तोही माझ्यातच. आधी खालचा ओठ माझ्या त्या खरबरीत जागेवर टेकवायचा, मग पहिला घास. हे फक्त आईला ठाऊक होतं. कुणाला सांगायला तिला वेळच कुठे मिळाला?

सतरा दिवसांपूर्वी आई गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती झाकूनच.

मग मी मोठ्याच्या हाती आलो. मोठा सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. शाळा अर्ध्यावर सोडलेली, डोकं तापट, पण भावावर जीव. तीन दिवसांपूर्वी त्याचं माझ्या काठाकडे लक्ष गेलं. "अरे, हे टोचत असेल याच्या ओठाला!" दुकानात नेऊन पॉलिश पेपरने मला घासघासून गुळगुळीत केलं. ओरडावंसं वाटलं मला. पण मलाही कुठे बोलता येतं?

तेव्हापासून धाकट्याने ओठ टेकवावा, थबकावं आणि मला लोटून द्यावं. काल, तिसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." तोंड पुसायला गेलं तरी किंचाळणारं पोर ते!

मावशी म्हणाली, "लाड आहेत सगळे. भूक लागली की झक मारत खाईल."

"गप गं मावशी! मरेल, पण नाही खाणार तो," मोठा खेकसला.

आज दुपारी मोठा भडकलाच. "काय पाहिजे तुला? सांग ना रे एकदा!"

धाकट्याने त्याचं बोट धरलं आणि माझ्या काठावर एकाच जागी घासलं. पुन्हा पुन्हा घासलं. मोठा बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. दुकानातून कानस आणण्याइतका दम त्याला कुठला! त्याने माझा काठ दातांत धरला आणि कराकरा चावला.

"अरे वेड्या, दात पडतील!" मावशी ओरडली.

धाकट्याने ओठ टेकवून पाहिला. नाही पटलं. मोठा आणखी चावला. पुन्हा ओठ. बराच वेळ तसाच. मग एक घास. मग दुसरा.

तो खातोय तोवर सांगून घेतो. तुमच्या घरातलं पोर एखाद्या मोडक्या वस्तूला धरून जेवत असेल, तर ती सुधारण्याआधी त्याला विचारा हो. बोलत नसेल, तर तुमचं बोट त्याच्या हाती द्या.

चौथ्या घासाला मोठा रडायला लागलाय. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, अगदी हंबरडा फोडून. धाकट्याला तो आवाज सोसत नाहीये. दोन्ही हातांनी कान झाकलेत त्याने, डोळे घट्ट मिटलेत. पण उठून गेला नाही. भावाचं रडणं संपायची वाट बघतोय.

माझ्यात अजून अर्धा बटाटा आहे.