ग्राहकाची सही

काचेखालच्या फटीतून अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्याने तो हातात घेतलाच नाही. कागद कट्ट्यावर पडून राहिला.

"रकाना रिकामा आहे," काचेमागची बाई म्हणाली. "ग्राहकाची सही हवी. किती वेळा तेच तेच बोलायचं?"

"मॅडम, माझे ग्राहक मला ओळखतच नाहीत."

"मग तुम्ही धंदा करता हे कशावरून?"

रांगेत मागच्या पांढऱ्या वर्तुळात उभा असलेला केस कापणारा मोठ्याने हसला. "काका, आवरा की. तुमचं होईस्तोवर गावभराचे केस कमरेपर्यंत येतील."

तो स्वतः कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत, एकोणीस वर्षं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे. तो त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, आणि तयार कवळी डॉक्टरांच्या नावाच्या डबीत घालून पोचती करायचा. पेशंटला वाटे, डॉक्टरांनीच केली. दात खोटे आहेत हे कुणाला कळता कामा नये, आणि ते कुणी केले हे तर मुळीच नाही, असा या कामाचा रिवाज होता आणि त्याने तो निमूटपणे पाळला होता. मग साथ आली, दवाखाने बंद झाले, चार महिन्यांत एक माप आलं नाही. पगारदारांना घरबसल्या पगार मिळाला. स्वतःचा धंदा असणाऱ्यांनाही सरकारने मदत जाहीर केली, पण आधी धंदा आहे हे सिद्ध करा म्हणाले. काम देणाऱ्याचं पत्र, नाहीतर एका ग्राहकाची सही. आज शेवटचा दिवस होता.

पत्रासाठी तो सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी दार चार बोटं उघडलं आणि आतून पाय लावून ठेवला.

"असं कागदावर कसं देऊ? उद्या लोक विचारतील, मग डॉक्टर काय करत होते?"

"एक ओळ लिहा, साहेब. घरात आता काही..."

"इतकी वर्षं काम दिलं ते विसरलात वाटतं," डॉक्टर म्हणाले, आणि दार लागलं.

"शेवटचं सांगते," काचेमागची बाई आता ओरडलीच. "सहीशिवाय साहेब स्वीकारणार नाहीत. सरका बाजूला."

तो सरकला नाही. त्याने मान तिरकी करून कान काचेच्या भोकाकडे नेला. मघापासून त्याचं सगळं लक्ष कागदात होतं, म्हणून ऐकू आलं नव्हतं. तिच्या प्रत्येक 'स'च्या मागे एक बारीक शीळ होती, मास्कमधूनही निसटणारी. वरचे पुढचे दात केसभर बाहेर बसवले की असं होतं. त्याने तसे एकदाच बसवले होते, जाणूनबुजून. त्या मापाबरोबर डॉक्टरांनी एक फोटो धाडला होता आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, हुबेहूब असेच हवेत. फोटोत एक तरुण मुलगी सायकल धरून हसत होती. डाव्या भुवईवर तीळ होता.

त्याने वर पाहिलं. मास्कच्या वर, डाव्या भुवईवर, तीळ होता.

"मॅडम, जरा जवळ येता?"

"जे काय असेल ते लांबूनच बोला."

शेजारच्या टेबलांवर माणसं होती. त्याने तोंड भोकाशी नेलं आणि आवाज उतरवला. "तुमचे वरचे दात मी केलेत."

तिचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"सायकल धरलेला फोटो होता. डावीकडचा सुळा थोडा वळलेला. तो मेणातून पाच वेळा काढून मी परत बसवला होता."

तिने मास्क नाकावर दाबून धरला. "ते डॉक्टरांनी केलेत. स्वतः. मला सांगितलंय त्यांनी."

"तसंच सांगतात ते."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय." त्याने अर्ज बोटाने फटीतून आत ढकलला. "ग्राहक हवा होता ना? तुम्हीच आहात. एक सही करा."

ती रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय गं, त्रास देतोय का हा?"

"काही नाही गं. नेहमीचंच. हातात कागद नाही आणि तोंड मात्र एवढं मोठं."

"फोटो आहे अजून माझ्याकडे," तो म्हणाला. "साचाही आहे. घर जवळच आहे, आणून जोडतो."

"असल्या वस्तू पुरावा म्हणून चालत नाहीत."

तिने शिक्का उचलला, शाईत दाबला आणि अर्जावर अगदी सरळ उठवला. नामंजूर. कागद परत आला. त्याने तो घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.

"आणि तो फोटो," ती काचेला जवळजवळ टेकून म्हणाली. "उद्या मला आणून द्या. माझा आहे तो."

"आणतो," तो म्हणाला. आजवर कुणी काही मागितलं की हाच शब्द त्याच्या तोंडून निघे.

केस कापणारा पुढे झाला. खिशातल्या अर्जावर हात ठेवून तो दारापर्यंत गेला. पहारेकऱ्याने हातावर सॅनिटायझर मारायला बाटली पुढे केली, पण त्याने हात पुढे केलेच नाहीत. क्षणभर उंबऱ्यातच घुटमळला, मग वळला आणि वर्तुळं तुडवत परत खिडकीशी आला.

"ओ! रांग कशाला आहे मग?" कुणीतरी मागून ओरडलं.

"अहो काका, माझा नंबर आहे!" केस कापणारा चिडून म्हणाला.

त्याने केस कापणाऱ्याला खांद्याने बाजूला सारलं आणि काचेवर बोट आपटलं.

"नाही आणणार," तो म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वर बघू लागली. "माझ्या धंद्याचा तेवढाच एक कागद आहे."