फुलावर गाडलेलं गवत

सकाळी आठला गजालानं मुगाचं एक झाड उपटलं, माती झटकली आणि मुळी बोटांत धरून उलटीपालटी पाहिली. नत्र धरणारी एकही गाठ नव्हती. तिनं पलीकडच्या ओळीतलं झाड उपटलं, मग धुऱ्याजवळचं, बांधालगतचं. पानं पिवळी, मुळ्या कोऱ्या.

जुलै २००६ संपत आला होता. चांदूर बाजार तालुक्यातल्या त्या गावात पाऊस बरा होता. एका धुऱ्यापलीकडे खुशालरावांचा मूग, दुसऱ्या धुऱ्यापलीकडे तिच्याच भावाचा, फुरकानचा. दोन्हीकडे हिरवागार. मधला तिचा तुकडा तेवढा आजारी.

हा तुकडा आदल्या वर्षी तिच्या नावावर चढला होता. वडील गयासुद्दीन गेल्यावर तिनं हिस्सा मागितला. गावातल्या बहिणी हिस्सा मागत नाहीत. ईदेला भावाकडून कपडे घेतात आणि गप्प बसतात. फुरकाननं हिस्सा दिला, पण वडिलांच्या आजारपणापासून पडीक असलेला, रस्त्याकडचा. त्यात कमरेइतकं गाजरगवत माजलेलं. वर जमातीच्या बुजुर्गांनी तोड काढली, की यंदाच्या खरिपात गजालानं पीक उभं करून दाखवावं. नाही जमलं तर वावर कायमचं फुरकानच्या वहितीत, तिला फक्त वर्षाचा मक्ता. तिचा नवरा मोईज अमरावतीला राजापेठेत मोटारींच्या गाद्या शिवायचा. त्याला तिथंच ठेवून ती गावात खोली करून राहिली होती.

चूक मे महिन्यात झाली. अवकाळी पावसानं गाजरगवत पुन्हा तरारलं, पांढऱ्या फुलांनी वावर भरलं. खुशालराव म्हणाले, उपटायची मजुरी कशाला, गाडून टाक, खत होईल. खतासाठी पेरलेला बोरू, म्हणजे ताग, आपण फुलावर आला की गाडतो, तोच न्याय त्यांनी इथं लावला. सल्ला चांगल्या मनानं दिलेला होता. गजालानं ट्रॅक्टर लावून सगळं हिरवं मातीत घातलं. जूनमध्ये मुगाच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू खत चोळलं आणि पेरणी केली.

फुरकान मोटारसायकल रस्त्यावर लावून आला. घरात ही भावंडं उर्दूत बोलत. खुशालराव धुऱ्यावर उभे होते म्हणून तो वऱ्हाडीत बोलला.

"माती तपासली ना तू? काय निंगालं?"

माती तिनं तपासून आणली होती आणि निकाल साऱ्या गावाला ठाऊक होता. नत्र ठीक, स्फुरद ठीक, पालाश तर फुरकानच्या वावराहून जास्त.

"तुही माती माह्या मातीहून सरस हाये म्हने. मंग मूग काहून पिवळा?"

"मले काय माईत, भाईजान."

"मले माईत हाये. वावराले मानूस लागते. गाद्या शिवनाऱ्याच्या बायकोचं हे काम नोहे."

"इतके वर्स पडीक ठेवलं, तवा वावराले मानूस नोता काय?"

फुरकान मोटारसायकलकडे वळला. खुशालराव पायाखालचं ढेकूळ फोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती उपटलेली झाडं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं अकोल्याला कृषी विद्यापीठात गेली. तिथं मातीतल्या जिवाणूंचं शिकवणारे एक मास्तर तिला भेटले. त्यांनी मुळ्या पाहिल्या आणि सरळ सांगितलं. गाजरगवताच्या पाल्यात, मुळांत, फुलांत विषारी रस असतो. गवत उभं असताना तो मातीत झिरपतो, गाडलं की कुजताना आणखी उतरतो. मुगाच्या मुळावर गाठ बांधणारे जिवाणू त्यात टिकत नाहीत. तिनं बियाण्याला चोळलेलेही तसेच गेले असणार. वर फुलांतलं बी आता वावरभर पेरलं गेलंय. तपासणीत हे दिसत नाही, कारण तिथं खनिजं मोजतात, जीव मोजत नाहीत. पालाश वाढलेला दिसतो तोही बहुधा त्या गवताचाच. उपाय विचारला तेव्हा ते म्हणाले, फुलायच्या आधी उपटत राहा, शेणखत घाला, तरोटा म्हणजे टाकळा पेरा, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. माती सावरायला दोन-तीन पावसाळे धरा.

"माह्यापाशी एकच हाये, साहेब," ती म्हणाली.

तिनं झाडं पुन्हा फडक्यात गुंडाळली.

तिनं मूग मोडला आणि तरोटा पेरला. खुशालरावांना ते बघवेना.

"पोरी, लोकं तरोटा उपटून फेकतात. तू पेरून राहिली?"

"तुमच्या मनानं गवत गाडलं, काका. आता माह्या मनानं तरोटा पेरू द्या."

तरोटा जोमानं आला. कोवळा होता तेव्हा गावच्या बाया भाजीसाठी शेंडे खुडायला आल्या. गजाला त्यांच्यामागं ओरडत धावली. त्यांत फुरकानची बायको अलीझाही होती. ओटी भरलेली, पदर तोंडावर. नणंदेनं तिला ओळखलं आणि ओळख दिली नाही.

सप्टेंबरात, रमजानच्या आधीच्या जुम्म्याला नमाजानंतर जमातीची बैठक बसली. फुरकान म्हणाला, ज्याले जनावर तोंड लावत नाही ते पीक कसलं? गजाला म्हणाली, चांदूर बाजारचा व्यापारी तरोट्याचं बी वजनावर घेतो, आणि जे विकते ते पीक. एक बुजुर्ग म्हणाले, पीक म्हणजे पेरलेलं. दुसरे म्हणाले, पेरलं तरी तण ते तण. मातीच्या रोगाचं गजाला सांगू लागली तेव्हा, तपासणीत माती चांगली निघाली आहे, असं तिला तिसऱ्यांदा ऐकवण्यात आलं. निर्णय ईदेनंतर घ्यायचं ठरलं. तोवर वावर कोणी पाहायचं, हे कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुरकानच्या मजूर बायांनी त्याच्या बाजूचा धुरा साफ केला. उपटलेलं गाजरगवत, फुलांसकट, त्यांनी अलीकडे तरोट्यात फेकलं. गजालानं ते वेचून रस्त्याच्या कडेला आणलं आणि रॉकेल ओतून काडी लावली. गवत ओलं होतं. दुपारपर्यंत ते पेटलेलं नव्हतं, आणि धुऱ्यापलीकडून आणखी येतच होतं.