मोहाखाली टांगलेली साडी

मित्रांनो, मोहाच्या झाडाखाली झुलणारं हे फिकं हिरवं कापड दिसतंय ना, ती मी. एक जुनी साडी.

वारासिवनीच्या मागावर मी विणली गेले. लामता गावाजवळच्या सत्यभामाबाईंनी मला लग्नकार्यांत मिरवलं. मग त्यांची लेक श्रिया जन्मली आणि मी तिची झोळी झाले. तिच्या दुधाचा वास अजून माझ्या धाग्यांत आहे, असं मला उगाच वाटतं. पुढे विरले, तशी पेटीच्या तळाशी गेले. किती वर्षं नुसता अंधार.

यंदा फुलांच्या दिवसांत पेटी उघडली. श्रिया आता बालाघाटला पर्यावरणाचं एम.एस्सी. करते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे मोहाखालचा पाचोळा पेटवतात. त्यात इवली रोपंही जळतात. सत्यभामाबाईंच्या मोहाखाली चार-चार पानांची रोपं उभी होती, आणि काडेपेटी बाईंच्या कमरेला खोचलेली.

"आई, आग नको. ही साडी अंथरून पाहू."

"काहून वं, एवढी शिकून चिंध्या अंथरून राह्यली?"

पहिल्या सकाळी मला जमिनीवर पसरून श्रिया चहाला गेली. तेवढ्यात गाईंनी सगळी फुलं फस्त केली.

"वा! गाईले पसंत पडली तुही साडी," बाई हसल्या आणि काडेपेटी काढली.

"उद्याचा दिवस दे, आई."

"हौ. उद्याच. मंग काडी मीच लावतो."

श्रियानं चार खुंट्या रोवल्या आणि मला कमरेइतकं उंच बांधलं. पहाटे फुलं गळू लागली. टप. टप. जणू झाड झोपेत बोलत होतं. गोड, ओली, चांदण्याच्या रंगाची फुलं माझ्या कुशीत साचत गेली.

बाईंनी एक चावून पाहिलं. ना राख, ना माती. मग वाकून त्यांनी माझ्याखाली पाहिलं. रोपांवर माझी हिरवी सावली हलत होती. हातातली काडेपेटी त्यांनी परत कमरेला खोचली.

इतक्यात शेजारच्या अनुसयाबाई आल्या. "सत्यभामा, काडी दे वं. माही सादळली."

"काडी नाही देत. घरी जुनी साडी असन तं आण."

जंगल-जमीन राखायचे नियम कसे करावेत, ते शिकायला एम.एस्सी. झाल्यावर श्रिया भोपाळला जाणार आहे. मी इथेच राहीन, फाटेपर्यंत.

मित्रांनो, पाचोळ्याला काडी लावण्याआधी एकदा वाकून पाहा. खाली कुणी तान्हं निजलेलं असेल.